घड्याळाचा पहिला मान

मंगळवार, संध्याकाळ. प्रताप नगर.

आज घोर अन्याय! सक्करदरा तलावाची माझी बातमी पेपरला पाठवताना वायफायवर अडकली. लेकीने राउटरमध्ये पहिला मान आईच्या मनगटावरच्या घड्याळाला दिलाय. शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी झाली की माझा लॅपटॉप मागे ढकलला जातो. ते घड्याळ माझ्या बायकोच्या, शालिनीच्या हृदयाचे ठोके थेट पुण्याला लेकीकडे पोचवतं. मत्सरच हा, आणि तोही यंत्राचा.

"काहून तोंड फुगवून राहिले?" शालिनी हसली. "त्याले माझी नाडी समजते. तुमचं ध्यान बातमीत!"

खोटं काय त्यात? परवा ती माझ्या शेजारीच बसली होती. ठोके बिघडल्याचं मला पुण्याहून आलेल्या फोनवर कळलं. नेट गेलेलं असताना असं झालं, तर मला कळेल का? तीच भीती आहे.