पाळकसाहेबांचा घसा

४ मार्च

ति. ताईस,
धाकटीचा मनापासून सलाम, वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. मोजे छकुलीच्या टाचेलाच अडकतात. तुझी भाची आता सात वर्षांची घोडी झाली आहे, माप वाढवून विणत जा.

आम्हाला इथे मिशनच्या कामावर येऊन दीड वर्ष होत आलं. प्रार्थनेच्या हॉलवरच्या दोन खोल्या आता घरासारख्या वाटतात. जिना मात्र इतका अरुंद आहे की नवं टेबल वर चढेना. आमच्या मंडळीतल्या गवंडीदादांनी त्याचे पाय कापायचं सुचवलं. शेवटी दोर लावून खिडकीतून आत घेतलं, निम्मी गल्ली खाली उभी राहून सल्ले देत होती.

हे इथली भाषा पुस्तकं समोर ठेवून शिकले, त्यामुळे यांचं बोलणं कोर्टाच्या निकालासारखं असतं. मी शिकले धुण्याच्या हौदावर आणि भाजीवालीशी घासाघीस करत. माझ्या व्याकरणाचा सगळा आनंदच आहे, पण भाजी ताजी मिळते.

यांचा घसा जरा बसला आहे. हवा बदलली की होतं असं. काळजी नसावी.

माया अशीच राहू दे,
तुझी धाकटी


१८ मार्च

चि. धाकटीस,
ताईचे अ. उ. आ.

मी सत्तावीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. पेशंटचं दुखणं त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर लवकर दिसतं, आणि तुझा चेहरा मला पत्रातही दिसतो. जानेवारीत मेहुण्यांचा घसा बसला होता, फेब्रुवारीत बसला होता, आताही बसलेलाच. हा घसा आहे की दिवाणखान्यातला पाहुणा, उठायचं नावच घेत नाही?

आणखी एक. प्रत्येक पत्राच्या शेवटी त्यांच्या दोन ओळी असायच्या. या खेपेस नाहीत. लिहायला काही घसा लागत नाही.

डॉक्टरला दाखवलंत का? काय म्हणाले? शब्दन् शब्द कळव. आई गेल्यावर तुझ्या वेण्या मी घातल्या आहेत, मला बनवू नकोस. छकुलीला पापा. मोजे पुन्हा घेतले आहेत विणायला.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई


३० मार्च

ति. ताईस,
चोरी पकडली गेलेल्या धाकटीचा सलाम, वि. वि.

यांच्या स्वरयंत्रावर गाठ होती. गेल्या मंगळवारी काढली. कसली आहे ते तपासायला दुसऱ्या गावी पाठवली आहे, कळायला महिना तरी लागेल. तोवर एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दम देऊन सांगितलं आहे. ताईला कळवू नकोस अशी यांनीच गळ घातली होती. पण ‘सर्व कुशल’ असं स्वतःच्या हाताने लिहवेना, म्हणून त्या दोन ओळी नाहीत.

घरात मात्र धमाल आहे. यांच्या गळ्यात पाटी, आणि छकुली दुभाषी. हे चार ओळी लिहितात, ती वाचते आणि लोकांना एवढंच सांगते की बाबा नको म्हणतात.

रविवारी उपदेश कोण करणार, हा प्रश्न आला. यांनी क्षमेवर आठ पानं लिहून दिली, मी वाचायची होती. दुसऱ्या पानावर पाहिलं तर पावाच्या भट्टीवाल्याची मान छातीवर आलेली. मग काय अंगात आलं कोण जाणे. कागद बाजूला ठेवले आणि माझ्या हौदावरच्या भाषेत सांगितलं, की कपडे वाळत घालायच्या दोरीवरून माझं आणि शिंपीणबाईंचं कसं वाजलं, नऊ दिवस आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही, आणि शेवटी मी कशी आधी बोलले. तेवढ्यात शिंपीणबाई बाकावरून उठल्या आणि म्हणाल्या, “साफ खोटं, आधी मीच बोलले होते!” हॉलभर हशा. भट्टीवाला टक्क जागा.

हे शेवटच्या बाकावर होते. त्या दिवशी पाटीवर यांनी एक अक्षर लिहिलं नाही. रागावले की दुखावले, कळत नाही, आणि विचारायचा धीर होत नाही.

मी बरी आहे. फक्त कपडे धुताना नळ जरा मोठा सोडते, म्हणजे छकुलीला रडणं ऐकू जात नाही.

आशीर्वाद असू दे,
धाकटी


१२ एप्रिल

चि. धाकटीस,
ताईचे अ. उ. आ., आणि एक धपाटा.

अशा गाठी मास्तर, गवई, फेरीवाले यांना होतात, आणि बहुतेक साध्या असतात. पण बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत. रिपोर्ट येईपर्यंत मी खोटा धीर देणार नाही. त्यांना पाणी भरपूर पाज, आणि खाकरणं एकदम बंद.

मिशनच्या कचेरीत जाऊन आले. चिटणीस म्हणाले, आवाज परत आला नाही तर तुम्हाला माघारी बोलावून दुसरा माणूस पाठवावा लागेल. मी विचारलं की तुम्ही तिथे पाळक पाठवला होता की नुसता घसा? त्यांनी चहा मागवला.

तुम्ही आलात तर माझी पुढची खोली तयार आहे. नाही आलात तर ती शिलाई मशीनला होईल. दोन्हीला मी राजी.

सोबतचं पाकीट मेहुण्यांचं आहे. फोडू नकोस, मी तुला ओळखते.

सदैव तुझी,
ताई


१४ मे

ति. ताईस,
तिघांचा सलाम, वि. वि.

साधी! गाठ साधी होती! डॉक्टरीणबाईंनी कागद हातात दिला आणि मी त्यांच्या दवाखान्यातली खुर्ची अडवून इतकी रडले की बाहेरचा पेशंट घाबरून घरी गेला.

आवाज मात्र पूर्वीसारखा होणार नाही, घोगराच राहील. सध्या दिवसाला दहा मिनिटं बोलायची परवानगी आहे. पण ताई, हे सहा आठवडे काही बसून नव्हते. पाटी घेऊन घरोघर जायचे आणि समोरच्याचं ऐकून घ्यायचे. शिंपीणबाईंच्या म्हाताऱ्या आईने तीन दुपारी आपली अख्खी हकीकत सांगितली. म्हणाली, इतके पाळक आले, पण शेवटपर्यंत कुणी ऐकलं नव्हतं. गवंडीदादांनी मंडळीच्या सह्या घेऊन चिटणिसांना लिहिलं की दोघांनाही इथेच ठेवा. गेल्या आठवड्यात होकार आला. तू मशीन खुशाल हलव.

त्या पाकिटातलं तुझं पत्र यांनी आता दाखवलं. त्या रविवारी हे रुसले नव्हते म्हणे. दीड वर्ष लोकांना आपलं काही कळत नव्हतं, हे शेवटच्या बाकावरून यांना पहिल्यांदाच कळलं होतं. आणि तू लिहिलंस की धाकटी लहानपणी एकदा बोलायला लागली की बाबांनाही आवरत नसे, तुम्ही त्या भानगडीत पडू नका. भलतीच आहेस!

परवा रविवारी हे पहिल्यांदा बोलायला उभे राहिले. हॉल गच्च. दोन मिनिटांत सगळ्यांचे आभार मानले, यापुढे एक रविवार यांचा आणि एक माझा असं मला न विचारताच जाहीर केलं, आणि खाली येऊन छकुलीशेजारी बसले. उपदेश मग मीच केला.

उरलेली आठ मिनिटं घरी आल्यावर माझ्या व्याकरणाच्या चुका सांगण्यात घालवली. त्या घोगऱ्या आवाजात, एकेक करून. मी समोर बसून ऐकत होते. वेळ संपली तेव्हा हे थांबले, आणि मी म्हटलं की उद्याही सांगा.

लोभ आहेच, तो तसाच ठेव,
तुझी धाकटी

ता. क. — ताई, सर्व कुशल. हे मी माझ्या हाताने लिहीत आहे. — तुमचा मेहुणा