स्वभाव हे कारण नव्हे

रविवार, संध्याकाळ

१. निगडीच्या वाचनगटात आज एका जुन्या कादंबरीवर चर्चा झाली. तिची नायिका सासर सोडून जाते आणि परत येत नाही.
२. सगळ्यांचं एकमत झालं: हट्टी स्वभाव. सोबत आलेल्या आईचंही तेच.
३. मी विरोध केला.

चाकणला आमच्या कंपनीत पार्ट नापास झाला, की "कामगाराची चूक" एवढंच कारण लिहून चालत नाही. पुन्हा "का?" विचारावं लागतं. नायिकेलाही मी तोच नियम लावला. का गेली? अख्ख्या पुस्तकात तिला सगळे सांगतात, विचारत कोणीच नाही. एकदाही नाही. मी पानं तपासली आहेत.

"अगं, बाई आहे ती, गिअरबॉक्स नाही!" गटातल्या लताकाकू म्हणाल्या. सगळे हसले. हसू देत. फक्त आई हसली नाही.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, "तुझ्या ताईला तरी आपण कुठे विचारलं?"

ताई नवऱ्याचं घर सोडून रावेतला एकटी राहते. तेव्हापासून आई तिच्याशी बोललेली नाही. गटात बोलताना ताई माझ्या मनात नव्हती. की होती?

"पुढच्या रविवारी येतोय म्हणून कळवू तिला?" मी आईला म्हटलं.

"कळवू नकोस. विचार."

ताईला आत्ता पाठवलेला मेसेज, जसाच्या तसा: "आईला तुला भेटायचंय. रविवारी आम्ही आलो तर चालेल का? नाही म्हणालीस तरी राग नाही. शुक्रवारपर्यंत कळव."