पाणी हलवू नको

अप्पा, जयलक्ष्मीपुरमच्या त्या दवाखान्यात मी अजून जाते. आता एकटीच. शनिवारी सकाळी तिथं घरच्यांची बैठक असते. ज्यांच्या घरात कुणाचं मन आजारी आहे अशी माणसं खुर्च्या गोल मांडून बसतात, आणि तिथल्या समुपदेशक मॅडम मला म्हणतात, "तुमच्या वडिलांचं सांगा." मी सांगते. लोकांना धीर येतो. पण सगळं सांगत नाही, आणि जे सांगत नाही ते माझ्याबरोबर घरी येतं.

सुरुवात स्वयंपाकघरात झाली. हेब्बाळच्या कारखान्यातून तुम्ही नुकतेच रिटायर झाला होतात. जन्मभर प्रेस मशीनपाशी उभं राहून कान गेलेले; मागून हाक मारली तर वळायचा नाहीत. त्या सकाळी मी चपात्या लाटतेय, आई डाळ घोटतेय, आणि तुम्ही दारात येऊन म्हणता, "शेजारच्यांना रेडिओ बारीक करायला सांग." शेजारी गावाला गेलेले, घराला कुलूप. मी ओरडून तसं सांगितलं. तुम्ही भिंतीला कान लावलात. "केळु, केळु," म्हणालात. ऐक म्हणायचं झालं की आपल्या घरात कन्नडच तोंडात येतं. "बाई गातेय. आपल्या मराठीत गातेय."

मग ती बाई आपल्याच घरात राहायला आल्यासारखी झाली. जेवताना, पेपर वाचताना, देवापुढं बसलात तरी. सगळ्यात वाईट म्हणजे ती एकच ओळ म्हणायची आणि थांबायची. मग पुन्हा तीच. तुमचं जेवण सुटलं. ताटावर बसून तुम्ही हात जोडायचात, "पुढचं म्हण की गं. एकदा पुढचं म्हण." आई एकदा ओरडली, "सुम्ने, गप बसा हो! कोण नाहीये इथं!" आणि पदर तोंडात धरून मागच्या दारी गेली. तिला वाटायचं, तुम्ही वेडे झालात. मला वाटायचं, तिला त्या बाईचा मत्सर वाटतो. दोन्ही खरं असेल. मंतरलेला ताईत बांधून झाला, झोपेच्या गोळ्या झाल्या. ती गातच राहिली.

जयलक्ष्मीपुरमच्या डॉक्टरांनी तुमचे कान तपासले आणि तुम्हाला मॅडमकडं पाठवलं. त्या समुपदेशन करायच्या, आणि गाण्यातून उपचारही. कपाळावर मोठं कुंकू, बोलणं हळू कन्नडमधून, ओठ तुम्हाला दिसतील असं समोर बसून. त्यांनी आम्हाला समजावलं, कान रिकामे झाले की कधी कधी मेंदू स्वतःच जुनं काही वाजवत बसतो. हे वेड नाही. मग तुमच्याकडं वळून विचारलं, "काय गाते ती?"

एवढ्या महिन्यांत हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

तुम्ही मांडीवर ठेका धरलात. मग गायलात. अप्पा, मी तुमचा गाता आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "रंग बसू दे गं बाई, पाणी हलवू नको." आजोबा रंगारी होते, मागच्या अंगणात रंगाचे हंडे असायचे, आणि तुमची थोरली बहीण, अक्का, कापड बुडवताना हे म्हणायची. आम्हाला आत्या होती हेच आम्हाला माहीत नव्हतं. "येलवालला दिली होती," तुम्ही म्हणालात. "तापानं गेली." आई तुमच्याकडं बघतच राहिली.

मॅडम श्रुतिपेटी लावायच्या आणि त्या एका सुरावर तुम्ही दोघं ती ओळ म्हणायचात. तेवढा वेळ अक्का गप्प असायची. घरी आलात की पुन्हा सुरू, पुन्हा तिथंच थांबणं. मॅडम म्हणाल्या, पुढचं आठवत नसेल तर बापलेक मिळून रचा. तुम्ही मान हलवलीत. "तिचं गाणं आपण कसं रचायचं?"

म्हणून मी खोटं बोलले. मी म्हटलं, येलवालला जाऊन आले, अक्काची जाऊ अजून आहे, तिला पुढची ओळ आठवते. मी येलवालला गेलेच नव्हते. ओळ मी कणीक मळताना रचली होती. "ऊन कलू दे गं बाई, कापड काढू नको." मी ती तुमच्या कानाशी म्हटली. तुम्ही डोळे मिटलेत, आणि त्या दिवशी दोन चपात्या मागून घेतल्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. "म्हणाली. पुढचं म्हणाली," तुम्ही सांगितलंत. "पण एक शब्द तू चुकवलास. कापड नाही म्हणत ती."

"मग?"

"मला. मला काढू नको."

तुम्ही जमिनीवर बसलात आणि तिथंच, आईच्या देखत, सगळं सांगितलंत. ताप नव्हता. उगादीला, पाडव्याच्या सणाला, अक्काकडं गेला होतात. ती पाण्याला गेली आणि आली नाही. माणसांनी विहिरीत गळ टाकून तिला वर काढली तेव्हा तुम्ही काठावर उभे होतात. सगळे म्हणाले पाय घसरला. नंतर कुणी तिचं नाव काढलं नाही, आणि तुम्हीही नाही.

पुढच्या भेटीत हे तुम्ही मॅडमना स्वतः सांगितलंत आणि दोन्ही ओळी गायलात, तुमच्या शब्दासकट. त्यानंतर ती कमी झाली. पूर्ण गेली नाही. सकाळी यायची. "आली होती. गाऊन गेली," तुम्ही म्हणायचात आणि कॉफी घ्यायचात. आईसुद्धा विचारायची, "आज बरी होती का अक्का?" शेवटची वर्षं तुम्ही शांत होतात. झोपेतच गेलात.

ओळ मी रचली होती आणि त्यातला तो एक शब्द तुम्ही बदललात, हे मी मॅडमना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्यांना वाट दिलीत. मनात होतं ते त्या वाटेनं बाहेर आलं." पटतं मला. बैठकीतही असंच सांगते. फक्त ओळ माझी होती, हे सांगत नाही.

गेल्या महिन्यात एका लग्नात कळलं, अक्काची जाऊ खरोखरच आहे. येलवालला, नव्वदीच्या पुढं, पण बोलते. हुणसूर रोडनं थोडंसं अंतर. समजा, मी जाऊन विचारलं. ती म्हणाली की गाणं एकाच ओळीचं होतं, तर मॅडमचं बरोबर. आणि तिनं माझीच ओळ म्हटली, ऊन कलू दे म्हटलं, तर मग कणीक मळताना ती माझ्या तोंडात कुठून आली?

हे लिहिलेलं मी आईला वाचून दाखवणार नाही. मी त्या बैठकीत लोकांना सांगते, विचारा, घाबरू नका, विचारलं की माणूस हलका होतो. अप्पा, परवा मी येलवालच्या बसमध्ये बसले, आणि बस सुटायच्या आत उतरले.