आत्याच्या वाटणीचा बांध

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा.

ही वही डिसेंबरात चौलच्या जत्रेतून घेतली. रोज लिहायचं म्हणून. आज जुलै. पहिल्या पानावर माझं नाव, निकेश, आणि त्याखाली 'प्रवासवर्णन'. बाकी कोरी. सात महिने का लिहिलं नाही, तर लिहायचं म्हणजे खरं लिहावं लागलं असतं. गोव्याच्या किनाऱ्यावर शॅकमध्ये वेटर होतो, अकराव्या दिवशी काढलं. मुरुडला वॉटर स्पोर्ट्सवाल्याकडे लागलो, पहिल्या आठवड्यात मलाच पाण्यातून बाहेर काढावं लागलं. आता दोन महिने कोकिळाआत्याकडे जेवतोय. लाज वाटते. लिहिलं नाही की थोडी कमी वाटते, असा अनुभव.

पण आजपासून माझ्याकडे जबाबदारी आहे. आत्या पनवेलला गेली, तिच्या मुलीच्या, प्राप्तीच्या बाळंतपणाला. काका गेल्यापासून शेत तीच बघते. जाताना मला बांधावर उभं केलं. खाडीचं खारं पाणी भातात येऊ नये म्हणून गावाने हा मातीचा बांध घातलाय, घरटी थोडाथोडा वाटून. आत्याच्या वाटणीला एकशे चाळीस पावलं. काम एवढंच: रोज ओहोटीला चालायचं, चिंबोऱ्यांनी पाडलेली बिळं शोधायची, चिखलाचे गोळे आतपर्यंत कोंबायचे, वरून पायाने दाबायचं. "एकवीस वर्सं माझा तुकडा फुटला न्हाय," आत्या म्हणाली. "उधाणाला बोटभर भोकाचा दरवाजा व्हतो, ध्यानात ठेव."

मी म्हणालो, आत्या, चिल.

१२ जुलै

बांधावर गेलो. चाळिसाव्या पावलावर बीळ. बुजवणार तेवढ्यात चिंबोरी तोंडाशी आली आणि नांगी वर करून माझ्याकडे बघत राहिली. तिथेच आयडिया आली. 'खाडी इको-वॉक'. मुंबईची माणसं टोप्या घालून येतील, मी पुढे चालेन, सजीव-निर्जीव सगळं समजावून सांगेन. कॉलेज सोडायच्या आधी पर्यावरणाचा प्रोजेक्ट केलाच होता. निर्जीव घटकांवर, कारण ते पळत नाहीत.

लगेच घरी येऊन चार्ट काढला. डावीकडे सजीव: चिंबोरी, तिवरं, भात, बगळा. उजवीकडे निर्जीव: चिखल, मीठ, चंद्र, भरती, बांध. मधे बाण. बाण काढता काढता दिवस गेला.

बीळ राहिलं. उद्या दोन दिवसांचं एकदम.

१४ जुलै

अंबाजीनानांना चार्ट दाखवला. त्यांचा तुकडा आत्याच्या शेजारी. पंचाहत्तर वर्षांचे, पाय कायम चिखलात. बराच वेळ बघून म्हणाले, "बांद या खान्यात कशाला टाकलास? त्याला भूक लागते. रोज चिखल खातो. तू न्हाय दिलास त आपला भात खाईल." मग म्हणाले, "आन तू कंच्या खान्यात?" मी हसलो. ते हसले नाहीत.

नाना भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. दुसरी तिथी तर दीड वाजता, चौथी तर तीन. मी म्हणालो, माझ्याकडे अ‍ॅप आहे. म्हणाले, "बरा हाय. तो बांदाव येतंय का?"

नोंद: इको-वॉकमध्ये नानांना घ्यायचं नाही. टुरिस्टांशी बोलायची पद्धत नाही.

१६ जुलै

प्राप्तीला मुलगी झाली. आत्या फोनवर रडली आणि त्याच दमात विचारलं, बांध कसा आहे. मी म्हणालो, एकदम ओके. (आज गेलो नव्हतो, पाऊस होता. काल गेलो नव्हतो, ऊन होतं.)

फोन ठेवल्यावर कान गरम झाले होते. मोबाईल जुना झालाय, तापतो.

१९ जुलै

संकल्प: रोज पाचला उठणे. रोज पूर्ण बांध. रोज एक पान.

नऊला उठलो. विनेश बाईक घेऊन आला. मोठेपणी काय करायचं हे ठरवत फिरणारा गावात माझ्याशिवाय तोच एक. म्हणाला, थळला जाऊ, सुके बोंबील वाळत घातलेत त्याचा व्हिडिओ करू. थळला पोचल्यावर लक्षात आलं की पावसाळ्यात बोंबील वाळत घालत नाहीत. एक बाई म्हणाली, "ऊन कुठाय बाला? तुज्या खिशात हाय का?" वारा, ऊन, मासे यांचा संबंध मला ठाऊक होता. फक्त लागू करायचा राहिला.

बांध राहिला.

२१ जुलै

आत्याने भाताचा फोटो मागितला. आमचं शेत खाली, वाट निसरडी. रस्त्यावरून नानांच्या शेताचा काढून पाठवला. भात तो भात. हिरवा सगळ्यांचा सारखाच.

तिने प्राप्तीच्या सासरी सगळ्यांना दाखवला म्हणे. फोन करून म्हणाली, "निक्या, माज्या जिवाला आता घोर न्हाय. सुधरलास तू." सव्वा महिना झाला की प्राप्तीला आणि बाळाला घेऊन येणार आहे. म्हणजे वेळ भरपूर.

जेवण गेलं नाही. तीनच भाकऱ्या.

२३ जुलै, बुधवार

अमावास्या उद्या, पण उद्या गुरुवार. म्हणून गावाची गटारी आजच.

विनेश म्हणाला, अवसेची चिंबोरी भरलेली असते, पौर्णिमेची पोकळ. हे मला माहीत नव्हतं. चंद्रापासून चिंबोरीपर्यंत नवा बाण काढला. चंद्रापासून भरतीपर्यंत एक बाण आधीच होता. दोन्ही बाण एकाच चंद्रातून निघतात हे बघून बरं वाटलं. चार्ट दिसायला भारी झालाय.

पाचच्या ओहोटीला, चिंबोरी ओढून काढायची लोखंडी आकडी घेऊन बांधावर. माझं बारा तारखेचं बीळ तिथेच, पण आता त्यात खांद्यापर्यंत हात जात होता. आकडी पोचेना. विनेशने फावडं आणलं. थोडा विचार केला. पण चिंबोरीच काढली की बीळ पाडणारं कोणी उरत नाही, म्हणजे हे एका अर्थी बांधाचंच काम. खणलं. तीन निघाल्या, एक ताटाएवढी. भोकात गोणपाट कोंबला, वरून चिखल थापला. लांबून बघितलं तर नव्यासारखं.

पक्कं उद्या. रस्सा अप्रतिम झाला होता.

२४ जुलै. अमावास्या.

पोट.

दुपारी अंबाजीनाना रस्त्यावरून ओरडून गेले, "उद्या पयली तिथी, पाऊण वाजता भरंल. उधाण मोठा हाय, बांद बघ." मी खिडकीतून अंगठा दाखवला.

२५ जुलै, दुपारी १

गंमतच. बांधाच्या आतल्या अंगाला झरा फुटलाय, करंगळीएवढा. फोन तिवराच्या फांदीला बांधून रील केला, चार टेक. इको-वॉकचा शेवटचा थांबा हाच. पाणी चाखून बघितलं. खारट. पावसाचं पाणी मातीतून येताना थोडं मीठ घेऊन येत असेल.

संध्याकाळी

पाणी उतरलं तसा झरा आटला. भरतीला चालू, ओहोटीला बंद. असा झरा चार्टमध्ये कुठे टाकायचा ते कळेना.

कळत होतं. वही मिटली.

२६ जुलै, शनिवार

दुसरी तिथी, पाऊणपट, दीड. नानांचा हिशेब मिनिटावर बरोबर.

खांड पडली. बांध फुटला.

मी तिथे होतो, हे खरं. बुजवायलाच गेलो होतो, हेही खरं. बाराला जायचं ठरवलं, सव्वाला पोचलो. फावडं विनेशकडे, विनेश अलिबागला. हाताने चिखल टाकत होतो, पाणी तो माझ्या हातातून घेऊन जात होतं. आधी गोणपाट बाहेर आला, सावकाश, कोणी ओढून काढावा तसा. मग भोकाचा दरवाजा झाला. आत्या म्हणाली होती तस्साच. पाणी आमच्या भातात शिरलं, तिथून शेजारच्या जनीकाकूंच्या. आवाज काहीच नाही. नुसतं पसरत गेलं.

मी ओरडलो. पंधरा दिवसांत वेळेवर केलेलं हे एक काम.

पाणी उतरायला लागल्यावर घरटी माणूस आला. रांग लावली आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे जायला लागले. नाना खांडीत कमरेएवढ्या पाण्यात उभे, गोळा लावायचे, पाठीने दाबायचे. मीही रांगेत उभा राहिलो. माझ्याशेजारी जनीकाकू. त्यांनी विचारलं, कोकिळेचा बांध फुटला कसा. मी म्हणालो, खेकड्यांनी पोखरला. काकूंनी खांडीच्या कडेला दिसणाऱ्या फावड्याच्या सरळ खुणांकडे बघितलं. हात न थांबवता म्हणाल्या, "खेकरा आता फावरा घेऊन येतंय व्हय?"

रांगेत या टोकापासून त्या टोकापर्यंत हसू गेलं. मग काकूंनी मला पुढचा गोळा दिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांच्या शेतातही मीठ शिरलं होतं आणि मला गोळा देताना त्या बघत होत्या की तो माझ्या हातून पडत तर नाही ना.

दिवस मावळायच्या आत खांड बुजली. नाना हात धूत म्हणाले, "कोकिळेला आमच्यातला कोन न्हाय सांगनार. तूच सांग." मी विचारलं, भात? म्हणाले, "चार दिस सारका पाऊस परला त मीठ धुवंल. न्हाय त न्हाय."

म्हणजे आता आमचं वर्षाचं जेवण ढगांवर. उजवीकडच्या खान्यात ढग टाकायचे राहिले होते.

२७ जुलै, रविवार

सकाळी ८: ऊन. कडक. आभाळात कापसाएवढासुद्धा ढग नाही. शेतात जाऊन आलो. आमचं शेत मी आज पहिल्यांदा जवळून बघितलं. रोपांची टोकं पिवळी. चिखल सुकतोय तिथे पांढरी रेघ उमटलीये. बोटाने उचलून चाखली. मीठच.

ठरलं. दहाला आत्याला फोन. सगळं सांगायचं. फोटो, फावडं, झरा, सगळं.

१०: आत्ता बाळाची अंघोळ चालू असेल.

११: रेंज नव्हती. (होती.)

११.३०: बॅग भरून दाराशी ठेवली. फोन झाल्यावर लागेल. फोन नाही झाला तरी लागेल.

१२.१५: चार्ट काढला. निर्जीवच्या खाली स्वतःचं नाव लिहिलं. मग खोडलं. त्या खान्यातला चिखल निदान भोक बुजवतो.

१२.३०: नंबर लावला. दोनदा. दोन्हीदा वाजायच्या आत कापला.

१.१०: दारात रिक्षा थांबली. मला वाटलं विनेश, फावडं परत करायला. आत्या उतरली. मागून प्राप्ती.

प्राप्ती हसत म्हणाली, "निकेशदादा, तुझ्या फोटोने घात केला. सासूबाईच म्हणाल्या, एवढं हिरवंगार आहे तर पोरीला या सिमेंटात कशाला ठेवताय, जा चार दिवस." आत्याने आभाळाकडे बघितलं, म्हणाली, "काय मस्त ऊन परलंय. पोरीला बरा." मग तिला बॅग दिसली. विचारलं, कुठं निघालास. मी म्हणालो, पनवेलला, तुम्हालाच आणायला. आत्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मग दुपट्यातलं गाठोडं माझ्या हातात दिलं. मान धर म्हणाली. प्राप्ती आत जाऊन आडवी झाली आणि आत्या पदर खोचून, पाणीसुद्धा न पिता, बांधाकडे निघाली. आधी शेत डोळ्यांनी बघते म्हणाली.

मी पायरीवर. डाव्या हातावर अकरा दिवसांची मुलगी, उजव्या हाताने हे लिहितोय. ती जागी आहे. सरळ माझ्याकडे बघतेय, नांगी वर न करता. या घरात जिच्याशी अजून खोटं बोललो नाही अशी ही एकटीच. आत्या आंब्याच्या झाडापाशी पोचली. तिथून बांध आणि मग एकशे चाळीस पावलं. तेवढ्यात हिला पहिल्यापासून सांगून होतंय का बघतो.