बाबा कंसातलं वाचत नाहीत

सिविल लाइंस, जबलपूर
मंगळवार, जेवणं झाल्यावर

तीर्थस्वरूप अंबरीशमामांना भाचा सुमेध याचा डोकं टेकवून नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहून राहिलो. तुमचा गुडघा कसा आहे? मस्कतची गर्मी उतरली का? आई विचारून राहिली की लोणच्याच्या बरणीचं झाकण नीट बसलेलं होतं ना, की तेल सगळं बॅगेनंच प्यायलं.

तुम्हाला वाटेल, फोन सोडून पत्र काहून? तर बाबांचं म्हणणं असं की अशी गोष्ट व्हॉट्सॲपवर कळवली की तुम्ही उत्तरात अंगठा पाठवता, आणि या गोष्टीवर अंगठा आलेला त्यांना चालणार नाही. म्हणून मी हे कागदावर हातानं लिहायचं, बाबांनी तपासायचं, आणि मग मी त्याचा फोटो काढून तुम्हाला व्हॉट्सॲपवरच पाठवायचा. यात काय फरक पडला ते मी विचारलं नाही. सध्या आमच्या घरात कोणी कोणाला काही विचारत नाही.

तर मुद्दा. बोट विकायची आहे. अंजनी. येत्या शुक्रवारी सकाळी सचिन नावाचा मुलगा तुमच्याकडे धक्क्यावर येईल. त्याला बोट दाखवायची, एक चक्कर मारून आणायची आणि पसंत पडली की किल्ली देऊन टाकायची. बाबांनी सांगितलं तसं लिहिलं.

(मामा, आता नीट वाचा. बाबा कंसातलं वाचत नाहीत. जन्मभर त्यांनी जहाजांच्या इंजिनांची पुस्तकं वाचली, आणि त्यांचं पक्कं मत आहे की कामाचं सगळं कंसाच्या बाहेर असतं, कंसात कंपनीनं फक्त स्वतःची कातडी वाचवायला काहीबाही लिहिलेलं असतं. माझी कादंबरीही त्यांनी अशीच वाचली, कंस सोडून. मी ती एकही पूर्णविराम न देता लिहिली होती. बाबांनी लाल पेनानं सगळे पूर्णविराम घालून ती मला परत केली आणि म्हणाले, आता चालेल. तर खरं काय ते मी कंसात लिहितो. शुक्रवारी किल्ली देऊ नका. कारण पुढे येतं.)

सुरुवातीपासून सांगतो, कारण फोनवर आई तुम्हाला अर्धंच सांगते आणि बाबा तेवढंही नाही. मस्कतची नोकरी संपवून बाबा जबलपूरला आले आणि बोट तुमच्या भरवशावर तिकडेच राहिली, इथवर तुम्हाला माहीत आहे. (तिचं नाव अंजनी काहून, हे मामींनी मला एकदा विचारलं होतं. बाबांचा हिशोब सरळ होता. समुद्र ओलांडायचा तर हनुमानाच्या आईइतकं खात्रीचं दुसरं कोण.) दर हिवाळ्यात बाबा महिनाभर तुमच्याकडे यायचे आणि काळेभोर, खूश होऊन परतायचे. आई एकदाच सोबत आली होती, तीही धक्क्यावरच बसून राहिली. मग या पावसाळ्यात बाबांच्या छातीत दुखलं आणि स्टेंट टाकावा लागला. डॉक्टर म्हणाले, सध्या प्रवास नको, सहा महिन्यांनी मग बघू. यातलं आईनं "नको" ऐकलं आणि बाबांनी "मग बघू" ऐकलं, आणि त्या दिवसापासून दोघं आपापला शब्द धरून बसले.

त्यात नर्मदेवर ग्वारीघाटचं प्रकरण झालं. बाबा म्हणाले, मला आता पाण्याचं काही नाही, चला सगळे घाटावर, मी नुसता बसीन. गेलो. आईनं दिवा सोडला. बाबा खरंच नुसते बसले. मग मला म्हणाले, पलीकडच्या गुरुद्वाऱ्यात मत्था टेकून येऊ, चलो. आई म्हणाली, जा, मी इथं तुमच्या चपला सांभाळते. नाव नथ्थू भैयाची होती, मागे एक छोटी मोटर लावलेली, आणि ती मोटर सारखी खोकत होती. बाबांनी थोडा वेळ सहन केलं. एकदा माझ्याकडे बघितलं. मग नर्मदेच्या ऐन मधोमध मोटर बंद करायला लावली आणि खोलून बसले. नावेत आमच्याशिवाय कटंगीकडची एक बारात भरेल एवढी मंडळी, नारळ आणि पोरंसोरं घेऊन. माझ्या तळहातावर त्यांनी मोटरचा एक गरम प्लग ठेवला आणि सांगितलं, हलू नको. नाव वाहून राहिली होती, मंडळी "नर्मदे हर" म्हणायला लागली, आणि ज्या सुरात म्हणत होती तो काही भक्तीचा नव्हता. मी घाटाकडे बघत होतो. आई उभी होती, लहान लहान होत चाललेली, दोन्ही हातांत बाबांच्या चपला. मी खरं सांगतो, तेव्हा मला नावेची भीती वाटली नाही. मला वाटत होतं की बाबांच्या छातीत आत्ता, इथं काही झालं तर मी या प्लगचं काय करू.

काही झालं नाही. मोटर पहिल्यापेक्षा गोड चालू झाली. नथ्थू म्हणाला, "बाऊजी, आप रोज आया करो." बाबांचा चेहरा तर, मामा, पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच तसा दिसला. आईनं ऑटोत चपलाही खाली ठेवल्या नाहीत. बाबा घरापर्यंत अनवाणी आले. घरी आल्यावर तिनं चपला दारात जोडीनं ठेवल्या आणि म्हणाली, "ते मस्कतचं डबडं विकून टाका."

आणि बाबा म्हणाले, "बरं."

(मामा, बाबांनी आयुष्यात आईला वाद न घालता "बरं" म्हटलेलं तुम्ही कधी ऐकलं? आम्ही दोघं घाबरलो. आई तर जास्त. तिला भांडण हवं होतं.)

मग बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. तुम्ही तिकडून व्हिडिओ लावून फोन बोटीभर फिरवायचे, पलीकडे गिऱ्हाईक उभं, आणि इकडे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर. आईनं पहिल्या दिवशी सवयीनं पोहे केले. पाहुणा मस्कतमध्ये, पोहे आम्हीच खाल्ले. पहिला गडी तुम्हाला आठवत असेल, बूट घालून सीटवर बसला. बाबा तेव्हाच उठून पाणी प्यायला गेले ते परत आलेच नाहीत. दुसरा आर्यन, बँकेतला, बोलायला गोड, पण त्यानं विचारलं की स्पीकर कुठे लावता येतील आणि खालून जांभळे लाइट बसतील का. बाबा म्हणाले, "भैया, बोट तो बिक गई." तुम्हीच हातात फोन धरून तिथं उभे होते, तुम्हाला काय वाटलं असेल.

आणि मग हा सचिन. मूळचा अकोल्याचा, तिकडे कंपनीत नोकरी. चप्पल धक्क्यावर काढून आत उतरला. किंमत विचारली नाही, फोटो काढले नाहीत. एवढंच विचारलं की काका, सकाळी इंजिन थंड असताना हिला कसं चालू केलेलं आवडतं? बाबा सांगत बसले, हातवारे करून, इतकं की आईनं कुकरचा गॅस बंद केला. फोन ठेवल्यावर आईला म्हणाले, "पोरगा चांगला आहे." खोट काढायला काही उरलंच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पानातली पोळी अर्धी ठेवली, आणि शुक्रवार ठरला.

(आता कारण. तुम्ही दर शुक्रवारी इंजिन चालू करून फोन त्याच्याजवळ धरता ना, ते इकडे कसं ऐकलं जातं ते तुम्हाला माहीत नाही. बाबा फोन जेवणाच्या टेबलावर ठेवतात, डोळे मिटतात आणि मग म्हणतात, थोडी जड बोलून राहिली आज. आणि आई त्या वेळी मिक्सर लावत नाही. कधीच नाही. चटणी थांबते. मागच्या शुक्रवारी तुम्ही मस्कतबाहेर निजवाला गेले होते, फोन आला नाही. बाबा फोन टेबलावर ठेवून बसून राहिले. आई दोनदा बाहेर येऊन टेबलाकडे बघून गेली, मग मला हळूच म्हणाली, "अंबूनं काहून नाही लावला आज?" मी म्हटलं, विकायचीच आहे तर ऐकून काय करायचं. ती आत गेली आणि मिक्सर लावला, बराच वेळ. मी जाऊन बघितलं तर भांड्यात काहीच नव्हतं.

आणि बाबा आता कशावरूनच भांडत नाहीत. काल मी मुद्दाम सांगितलं की मी नोकरी शोधणार नाही, नुसतं लिहीन. बरं म्हणाले. मामा, मला भीती वाटून राहिली आहे. ही बोट गेली की बाबा खुर्चीत बसतील ते उठणारच नाहीत. म्हणून एवढं करा. शुक्रवारी सचिन यायच्या आधी बॅटरीची वायर ढिली करून ठेवा. इंजिन चालू झालं नाही की तो दोनदा विचार करेल, तोवर आपण काही करू. आईला कळू देऊ नका.)

बाकी सर्व ठीक. शुक्रवारचं काम तेवढं बाबांनी सांगितलं तसं करावं. मामींना नमस्कार, गुडघ्याला रोज तेल लावत जा.

तुमचा,
सुमेध

ता. क. लोणचं संपलं की बरणी परत पाठवा, आई म्हणते ती जोडीतली आहे.

ता. क. (मामा, पत्र बाबांनी तपासायला रात्रभर टेबलावर होतं. आत्ता फोटो काढायला घेतलं तर खाली हे सापडलं. यातलं एकही अक्षर माझं नाही.)

(अंबरीश, पोराचं ऐकून बॅटरीला हात लावू नको. ढिली वायर सचिन सगळ्यात आधी बघेल, मुलगा हुशार आहे. टाकीजवळ पेट्रोलचा कॉक आहे, तो पुरता बंद करून ठेव. थोडा वेळ चालेल, खोकेल, मग थांबेल. माणूस टाकीपर्यंत सगळ्यात शेवटी पोचतो. अंजनीला त्यानं काही त्रास होत नाही. कंसात लिहितो, कारण विनता पत्रातलं कंसातलं वाचत नाही. रामराव.)

(वाचते. अंबू, काही बंद करू नको आणि काही ढिलं करू नको. त्या पोराला चहा पाज आणि सरळ सांग, मन बदललं, माफ कर. डॉक्टर "मग बघू" म्हणाले होते ते मीही ऐकलं होतं. हिवाळ्यात यांच्यासोबत मी येईन. बोटीत बसणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. धक्क्यावर बसीन, चपला धरून. शुक्रवारी फोन लावजो, मी मिक्सर लावत नाही. विनता.)