कायम ठिपका

२ मार्च
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. तरी अक्षर नीट काढतो आहे.
नोकरी लागली. हवामानाच्या उपग्रहाची चित्रं स्क्रीनवर बघायची, कुठं आग किंवा धूर दिसला की अग्निशमन केंद्राला फोन करायचा. दर दहा मिनिटांनी नवं चित्र. आग असेल तिथं लाल ठिपका उमटतो. करार महिनाअखेरपर्यंत. मॅडम म्हणाल्या, काम समाधानकारक वाटलं तर कायम करू.
म्हणजे झालोच. हिला तसं सांगितलं. ही म्हणाली, आधी खुर्चीत तरी कायम बस.
संकल्प : दोन चित्रांच्या मधे शांत बसणे.

३ मार्च
शांत बसलो नाही. दहा मिनिटं हा विचित्र वेळ आहे. काही करावं तर कमी, काही न करावं तर फार. कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या. नखं संपली.

५ मार्च, दुपार
ठिपका! शहराबाहेर, पूर्वेला. लगेच फोन. बंब निघाला. आपल्या एका फोनवर एवढं मोठं वाहन घंटा वाजवत जातं, याचं समाधान वेगळंच.

५ मार्च, संध्याकाळ
ठिपक्याच्या जागी तळं निघालं. फायर ऑफिसरांनी फोनवर विचारलं, पाण्याला आग लागलीय का, साहेब?
मॅडमनी सांगितलं की ठिपका म्हणजे नेमकी जागा नव्हे. तो दोन किलोमीटरच्या चौकोनाचा मध्य. आग त्या चौकोनात कुठंही असू शकते. हे आधी सांगायला हवं होतं. (पहिल्या दिवशी सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी बहुधा फेरी मारत होतो.)
तरी बंबाला पाणी मिळालं, ही जमेची बाजू.

६ मार्च
केंद्रातली मंडळी मला 'सोमेश्वर' म्हणतात असं कळलं. शांत, धीरगंभीर नाव. माझा स्वभाव त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखला. हिला सांगितलं. हिला चहाचा ठसका लागला. बराच वेळ लागून राहिला.

९ मार्च
तोच ठिपका. रोज, त्याच चौकोनात. हा अपघात नाही. कुणीतरी मुद्दाम आग लावतं आहे. त्या चौकोनात काय काय आहे ते मी एकेक करून तपासलं : तळं, रस्ता, थोडी झुडपं, एक वीटभट्टी. झुडपांवर संशय.
जेवताना मोबाइलवर चित्र बघत होतो. ही म्हणाली, ताटात काय आहे ते ओळख आणि मग जग बघ. ओळखता आलं नाही.

११ मार्च
आज शहाणपणा केला. बंबाला पूर्ण चौकोन फिरायला सांगितला. धूर सापडला, आग सापडली, तासभर पाणी मारलं. मॅडमना स्वतः जाऊन सांगितलं.

११ मार्च, रात्री
सासऱ्यांची वीटभट्टी होती.
तिकडं त्यांची भट्टी आहे हे मला माहीत होतं. पण वरून बघताना नाती दिसत नाहीत.
भट्टी विझली. शेजारी वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा चिखल झाला. सासरे फोनवर ओरडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, जावईबापू, मातीची वीट करायला मला महिना लागतो. विटेची माती तुम्ही एका दुपारी केलीत.


१२ मार्च
मॅडमनी आजवरचे फोन आणि आजवरच्या आगी यांची सांगड घालायला सांगितली. सांगड बसत नाही. म्हणाल्या, महिनाअखेरीला मला वर काहीतरी लिहून द्यायचंय, जरा विचार करा.
विचार करतो आहे. उभ्यानं.

१४ मार्च
उपाय सापडला! सिस्टिममध्ये सोय आहे. भट्ट्या, कारखाने अशा जागा 'कायम उष्ण' म्हणून नोंदवायच्या. मग तिथला ठिपका उमटतच नाही. सासऱ्यांचा चौकोन नोंदवून टाकला. पूर्ण. केंद्रालाही लेखी कळवलं की इथं धूर दिसला तरी जायचं नाही, भट्टी आहे.
सासऱ्यांना फोन करून सांगितलं, आता तुमच्याकडं काहीही पेटलं तरी आम्ही लक्ष देणार नाही. त्यांनी फोनच ठेवून दिला. भारावले असावेत.

२० मार्च
नकाशा स्वच्छ. आठवडाभर एकही चुकीचा फोन नाही. खरं तर एकही फोन नाही. मॅडम म्हणाल्या, बरं चाललंय. 'बरं' या शब्दावर दुपारभर फेऱ्या मारल्या.
संकल्प : कायम झाल्यावर चांगली खुर्ची मागणे.

२७ मार्च, दुपार
हिचा फोन. माहेरी गेली आहे. म्हणे, बाबांच्या भट्टीमागं भुशाचा ढीग पेटलाय, वारा घराकडं आहे, बंब पाठव. स्क्रीन बघितला. ठिपका नाही. एक राखाडी पट्टा होता, तो ढग. तिला समजावलं की घाबरू नकोस, उपग्रहावर काही नाही. ती म्हणाली, अरे, माझ्या डोळ्यांत धूर जातोय!
मग फायर ऑफिसरांचा फोन. खात्री करायला. म्हणाले, बाईंचा फोन आलाय, पण तुमचं लेखी पत्रही समोर आहे, काय करू? मी ठामपणे सांगितलं, आग नाही.
ते म्हणाले, आमच्या गच्चीवरून दिसतेय. निघतो.

२७ मार्च, संध्याकाळ
सगळे सुखरूप. भुसा गेला, शेडचं छप्पर गेलं, घराच्या एका भिंतीला झळ लागली. बंब वेळेवर पोहोचला. माझं न ऐकता.
ही आली. आल्या आल्या म्हण पूर्ण ऐकवली : आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
मला वाटत होतं, स्वभावामुळं.

३१ मार्च
करार संपला. मॅडम चांगल्या शब्दांत बोलल्या. भट्टी पुन्हा पेटणार, म्हणून मी 'कायम उष्ण' नोंदवलेला चौकोन त्या काढणार नाहीत, लहान करणार आहेत. म्हणजे मी आणि ठिपका, आमच्या दोघांत ठिपकाच कायम झाला.
सासऱ्यांचा फोन आला. म्हणाले, जावईबापू, भट्टीवर या. जाळाकडं लक्ष ठेवायला माणूस हवाय. मोबाइल घरी ठेवा आणि एका जागी बसा. काम हंगामी.
उद्यापासून जातो आहे. जवळून बघायचं म्हणजे रेझोल्यूशन तरी चांगलं मिळेल.