कोणी कुणाच्या पाया पडायचं

बाई, माझा मुलगा नेपाळच्या मुलीशी लग्न करतो म्हणाला, तेव्हा मला सगळ्यात आधी तुम्ही आठवायला हव्या होतात. तुम्ही आठवला नाहीत. आठवलं ते नणंदेचं तोंड आणि चार नातेवाइकांत खाली जाणारी माझी मान. तुम्ही आठवलात थेट दसऱ्याच्या दिवशी, शहाडला, एका वॉचमनच्या खोलीत. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, म्हणून लिहून बोलतेय. अक्षर तेव्हा होतं तसंच आहे, उजवीकडे कलंडणारं.

कळव्याच्या शाळेतली आठवीची खोली. मी मिठागरावर काम करणाऱ्या माणसाची मुलगी, पायाला खाडीचा चिखल वाळलेला, आणि तुम्ही ठाण्याहून येणाऱ्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या. शेजारी देश शिकवत होतात. नेपाळचं चित्र काढा म्हणालात. मी तीन त्रिकोण काढले, टोकं पांढरी ठेवली आणि खाली पायथ्याशी चार घरं काढली. तुम्ही माझी वही उचलून सगळ्या वर्गाला दाखवलीत. म्हणालात, "हिच्या डोंगरात कोणी राहतच नाही. सगळे खाली बसून वर बघतायत. हिने देश नाही काढला, कॅलेंडर काढलं." वर्ग हसला. मी घरी जाऊन जेवले नाही. आईने विचारलं, काय झालं गो, तर मी म्हटलं, पोट दुखतंय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मलाच खाडीची माती आणायला लावलीत. ती फळीवर पसरून बोटांनी तिच्या घड्या घडवल्यात, एकामागे एक, आणि दोन घड्यांच्या माथ्यांवर दोन हरभरे खोचलेत. ही दोन गावं. पट्टी लावून मोज म्हणालात. जेमतेम दोन बोटं अंतर होतं. मग शिवणाचा दोरा दिलात आणि सांगितलंत, आता माणूस चालेल तसं मोज. दोरा उतारावरून खाली गेला, तळाशी पोचला, पुन्हा वर चढला. वीतभर लागला. "या गावांतली माणसं एकमेकांच्या चुलीचा धूर बघतात," तुम्ही सांगत होतात, "पण लग्नाला जायचं तर पहाटे निघून रात्री पोचतात. मग काय होतं? प्रत्येक खोऱ्याचं बोलणं वेगळं, देव वेगळा, पाहुण्याला बसवायची रीतही वेगळी. खोऱ्याखोऱ्याला राजा होता. पुढे एका डोंगरी राजाने सगळी खोरी जिंकून देश एक केला. पण रीती अशा जिंकता येत नाहीत." मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, असं कसं, मधे नुसता डोंगर तर आहे. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "हिचं बोलणं आणि खाडीपलीकडच्यांचं बोलणं एक आहे का? मधे तर नुसतं पाणी आहे."

त्याच तासाला तुम्ही विचारलंत, या देशाला समुद्र नाही, मग मीठ कुठून येतं? मी म्हटलं, वाण्याकडून. तुम्हीही हसलात. मग विचारलंत, वाण्याकडे कुठून येतं, आणि शाळेत पहिल्यांदाच मला असं काही विचारलं गेलं जे फक्त मलाच माहीत होतं. भरतीचं पाणी आत घेऊन बाबा बांध कसा घालतात, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं सोडतात, उन्हात पांढरी साय कशी धरते, हे सगळं मी उभी राहून सांगितलं. तुम्ही मधे बोलला नाहीत. शेवटी म्हणालात, "आणि जिथे भरती येत नाही, तिथे माणूस मिठासाठी चालतो." मॅट्रिक झाल्यावर तुम्ही आमच्या घरी आलात, हिला पुढे शिकवा म्हणून बाबांना सांगायला. बाबांनी तुम्हाला चहा पाजला आणि त्याच वर्षी माझं लग्न लावलं. तुम्ही आहेर म्हणून नकाशांचं पुस्तक दिलंत. नणंदेने ते उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "यात शिजवायचं काय?"

तीच ही नणंद, बाई. आता कोपरला असते, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. श्रावणात घरी सत्यनारायण होता, तेव्हा मुलाने त्या मुलीला पहिल्यांदा आणलं. दोघं कल्याणच्या एका लॅबमध्ये रक्त तपासतात. दहाव्या वर्षापर्यंत ती तिकडे डोंगरात आजीजवळ वाढली, मग वडिलांकडे शहाडला आली, मराठी शाळेत शिकली. बोलते अगदी आपल्यासारखी. पूजेपुढे डोकं टेकवलं, तीर्थप्रसाद घेतला, स्वयंपाकघरात येऊन न सांगता द्रोण लावायला बसली. मला आवडायला लागली होती. पण पूजा आटोपल्यावर सगळी लहान माणसं मोठ्यांच्या पाया पडायला लागली, तेव्हा ती माझ्यासमोर आली, हात जोडून नमस्कार केला आणि तशीच सरळ उभी राहिली. मी पाय जरा पुढे घेतले होते ते मागे घेतले. नणंदेने पाहिलंच. ती गेल्यावर म्हणाली, "काय गो वहिनी, तुझ्या पाया पन नाय पडली. डोंगरावरची ती, तिला मान वर करून चालायची सवय."

मी मुलाला सांगून टाकलं, जिला वाकता येत नाही ती माझ्या घरात नको. तो म्हणाला, "आई, तू तिला विचारून तर बघ ना, का नाही वाकली." मी म्हटलं, हे विचारायचं असतं का? त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला. ताटातलं सगळं खायचा, काही मागायचा नाही. पहिल्यांदा तव्यावरची शेवटची भाकरी तशीच उरायला लागली. हे एकदा पेपर खाली ठेवून म्हणाले, "वॉचमनची मुलगी म्हणून नको, नेपाळी म्हणून नको, की वाकली नाही म्हणून नको? एक काय ते कारण सांग, म्हणजे माझ्या लक्षात राहील." मी त्यांचा पेपर उचलून घडी घालायला लागले. नवरात्रात मुलाने सांगितलं, दसरा झाला की ठाण्याला जाऊन नोंदणी लग्नाची नोटीस देणार. आवाज चढवला नाही, नुसतं सांगितलं. मला कळलं की हा आता घरातून जाणार. अष्टमीला मी दरवर्षीप्रमाणे कुमारिका जेवू घातल्या, शेजारच्या दोन आणि खालच्या मजल्यावरची एक. त्यांचे पाय धुतले, पुसले, पायांवर डोकं ठेवलं. आणि मनात एकच चाललं होतं, दसऱ्याला शहाडला जायचं, तिच्या आईवडिलांना सांगायचं की तुमच्या मुलीला आवरा.

शुभ दिवशी असं बोलायला जायचं म्हणून सकाळी घट उठवताना देवीची माफी मागितली. ह्यांना सांगितलं, शहाडच्या देवळात जाऊन येते. खरंच देवळात गेले, म्हणजे खोटंही पडलं नाही. सणाचं रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पिशवीत आपट्याची पानं होती. रिक्षा केली नाही, चालत विचारत विचारत गेले. सोसायटीच्या मागे पंपाच्या खोलीला लागून त्यांची खोली. दार उघडं होतं.

आत तिचे वडील उभे होते. युनिफॉर्म खुंटीला, अंगात धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. मुलगी चटईवर बसलेली. त्यांनी ताटलीतले लाल रंगात कालवलेले दही-तांदूळ तिच्या कपाळावर थापले, कानामागे पिवळे कोंब खोवले. कोपऱ्यात परडीत तसेच कोंब उगवलेले दिसले, आमच्या घटातल्या धानासारखे, फक्त अंधारात वाढवल्यामुळे पिवळे. मी तेच बघत होते. तेवढ्यात तो पन्नाशी उलटलेला माणूस खाली वाकला आणि त्याने आपलं कपाळ मुलीच्या पावलांवर टेकवलं. पाठोपाठ तिच्या आईनेही.

मी दारातच उभी राहिले. ती उठून आली, "आई, तुम्ही?" मी विचारलं, "ते तुझ्या पाया का पडतात?" ती म्हणाली, "आमच्यात मुलीने पाया पडायचं नसतं. घरचे मोठेच पडतात. मुलगी देवी असते ना." मी म्हटलं, "कधीच नाही पडायचं?" तिने खाली बघितलं. "लग्न झालं की पडायचं. सासूच्या. रोज." मग हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी मी वाकले असते तर मीच मला तुमची सून करून घेतल्यासारखं झालं असतं. बोलणी नाहीत, काही नाही. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, फार घाई झालीय हिला."

त्यांनी मला बसवलं. तांदळाच्या पिठाची कड्यासारखी गोल पुरी ताटलीत आली. काहीतरी बोलायचं म्हणून तिच्या वडिलांनी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या. मी सांगितलं, खाडीकाठच्या, वडील मिठागरावर होते. "नमक?" म्हणून ते सरसावूनच बसले. त्यांचे वडील कापणी झाली की बकऱ्यांच्या पाठीवर धान्य लादून वर खिंडीपर्यंत चढायचे आणि पलीकडच्या लोकांकडून मीठ घेऊन उतरायचे. कित्येक दिवसांची चाल. मी सवयीने विचारलं, किती धान्याला किती मीठ? ते म्हणाले, "जितना ऊपर चढोगे, उतना ज्यादा." वर पोचलेल्याला मीठ भरपूर, अर्ध्या वाटेवर थांबलेल्याला कमी. मग वरची वाट बंद होत गेली, खालून गाडीने समुद्राचं मीठ यायला लागलं, बकऱ्या विकल्या. "जिस रास्ते से नमक आया, उसी रास्ते से हम नीचे आए," ते हसून म्हणाले. तिथे मला तुम्ही आठवलात, बाई. फळी, माती, दोन हरभरे. मी या मुलीला पट्टी लावून मोजलं होतं.

काही बोलावं म्हणून मी तोंड उघडणार, तोच तिची आई ताटली घेऊन पुढे आली. "दीदी, गाँव में आज सब बूढ़ी माँ के पास जाएँगे टीका लेने. जो सबसे दूर है वो भी. इधर हमसे बड़ा कोई नहीं." मुलीने समजावलं, वयाने मोठं माणूस घरी आलं आहे, तुम्ही लावाल का? मी दोघांच्या कपाळाला लावलं. विचारलं, काय म्हणायचं असतं? मुलगी म्हणाली, "तुमच्या मनात असेल तो आशीर्वाद." मनात काय घेऊन आले होते ते मला माहीत. मी म्हटलं, सुखी राहा.

मग तिला लावलं. आणि मला वाटलं, श्रावणातल्या त्या दिवसाचं आता फेडून टाकावं. अष्टमीला परक्या पोरींच्या पायावर डोकं ठेवते, मग हिच्या का नाही? गुडघे धरत खाली बसले आणि तिच्या पावलांना हात लावून डोळ्यांना लावला. वर बघते तर तिचे डोळे भरलेले. तिची आई ताटलीत बघत, वडील खिडकीबाहेर. मला कळेना काय चुकलं. मग कळलं. मी तिला कुणाची तरी मुलगी म्हणून नमस्कार केला होता. सासू म्हणून आलेली बाई असा नमस्कार करत नाही. त्यांच्या रीतीने मी नकार देऊन मोकळी झाले होते, तेही त्यांच्याच सणाला, त्यांच्याच खोलीत, आणि इतक्या मायेने की कुणाला मला काही बोलताही येईना.

मी तशीच खाली बसून होते. म्हटलं, "अगं, तसं नाही. मला तुमचं माहीत नव्हतं." मी मांडी घातली, पदर नीट केला, पाय पुढे घेतले. "आता तू पड पाया," मी म्हटलं. तिने आईकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं. "पड म्हणते ना, मला परत उठता येत नाही गुडघ्यांनी. उठवायला तरी वाक." तिच्या वडिलांना हसू आलं आणि त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. ती वाकली. कपाळावरचे चार लाल तांदूळ माझ्या पावलावर पडले, ओले, थंडगार. मी झटकले नाहीत.

लग्न माघात आहे. नणंद म्हणते, दोन्हीकडच्या रीती करायच्या म्हणजे दोन दिवस पाय दुखणार, आणि स्वतःच साड्या बघायला येते. मुलगा पुन्हा भाकरी मागून घेतो. शहाडला ते लोक सगळ्या सोसायटीला सांगतात, मुलाची आई दसैंच्या दिवशी स्वतः चालत आली मागणी घालायला. दसऱ्याला ते दसैं म्हणतात. गावी फोन करून आजीलाही तसंच सांगितलंय, आणि आजीने ते अख्ख्या गावाला. एवढी मोठ्या मनाची सासू कुणाला मिळत नाही असं तिकडे डोंगरात बोललं जातं, सून मला कौतुकाने सांगते. मी ऐकून घेते. मी तिथे काय बोलायला गेले होते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, मुलाला नाही, ह्यांना नाही, तिला तर नाहीच. सांगेन असं वाटतही नाही. आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार असतं ना, बाई, तर तुम्हालासुद्धा मी मागणी घालायलाच गेले होते असं लिहिलं असतं.